४१ मिमी की ४१.८? हेडसेटच्या बेअरिंगांची कामनोंद

९ जून २०२४

काम: रोड बाइकच्या हेडसेटची, म्हणजे फोर्क फ्रेममध्ये ज्यावर वळतो त्या जोडणीची, दोन्ही बेअरिंगं बदलणे. फ्रेम अॅल्युमिनियमची, फोर्क आणि त्याचा स्टिअरर (फ्रेममधून वर जाणारी नळी) कार्बनचा, ब्रेक रिमचे, केबली सगळ्या फ्रेमच्या बाहेरून.

लक्षण असं की पुढचं चाक उचलून हँडल थोडं वळवलं आणि सोडलं, तर ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला झुकायला हवं. इथे ते बरोबर मध्यावर येऊन अडकतं. बोटाने ढकललं की खाचेतून बाहेर पडल्यासारखं सुटतं. सरळ चालवताना बारीक दुरुस्ती करायला गेलं की सायकल आधी ऐकत नाही, मग गरजेपेक्षा जास्त ऐकते. हात सोडून चालवणं तर बंदच झालंय.

दुसरी तपासणी: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली, डाव्या हाताची बोटं हेडट्यूब (फ्रेमची पुढची नळी) आणि फोर्क यांच्या फटीवर ठेवून. खालून टक टक जाणवतं. ब्रेकचे पॅडही असे हलतात आणि माणूस फसतो, म्हणून चाक काटकोनात वळवून तेच पुन्हा केलं. टक टक तशीच. वरच्या फटीवर बोट ठेवलं तर तिथे काहीच नाही. म्हणजे खेळ (ढिलाई) खालच्या बेअरिंगमध्ये आहे. टॉप कॅप, म्हणजे स्टिअररच्या माथ्यावरचं दाब देणारं झाकण, आवळून पाहिली. खेळ गेला, पण खाच आणखी घट्ट झाली. बेअरिंग संपल्याची यापेक्षा चांगली खूण नाही.

१० जून

मध्यावर खाच का पडते, याबद्दल सायकलवाल्यांत एक जुनी समजूत आहे: खड्ड्यांचे दणके बसून छर्रे रेसमध्ये, म्हणजे ते ज्यांवर फिरतात त्या कड्यांत, रुततात. जॉबस्ट ब्रँट या अमेरिकी यंत्र अभियंत्याने ही समजूत खोडून काढण्यात बराच वेळ घालवला. त्याचं म्हणणं असं की दणक्याने रुतलेले खड्डे असते तर ते एका फटक्यात पडले असते. प्रत्यक्षात ते हळूहळू वाढतात. सरळ चालवताना हँडल जवळजवळ वळतच नाही, पण रस्त्याच्या थरथरीने फोर्क पुढे-मागे किंचित लवत राहतो. छर्रे जागच्या जागी सूक्ष्म हलतात, त्यांच्याखालचं ग्रीस बाजूला सरकतं आणि परत येत नाही, कारण ते परत आणायला पुरेसं वळणच मिळत नाही. मग धातूवर धातू घासून खळगे होतात.

हे पटतं. चाकाच्या हबमधलं बेअरिंग सतत फिरतं आणि वर्षानुवर्षं टिकतं, हेडसेटचं फिरतच नाही म्हणून मरतं. त्यात खालच्या बेअरिंगवर पुढच्या चाकाचा चिखल-पाण्याचा फवारा थेट येतो. वरचं त्या मानाने सुखात असतं. बदलताना मात्र जोडीच बदलायची. वरच्यासाठी थोड्या दिवसांनी पुन्हा सगळं खोलायची हौस मला नाही.

१५ जून

खोललं. टॉप कॅपचा बोल्ट काढला, हँडल स्टिअररला जोडणाऱ्या स्टेमचे दोन्ही बोल्ट सैल केले. त्याआधी फोर्क खाली निसटू नये म्हणून चाक काढून फोर्कखाली उशी ठेवली. हँडल केबलींसकट फडक्यात गुंडाळून टॉप ट्यूबला बांधलं. पुढच्या ब्रेकचा कॅलिपर फोर्कवरून सोडवला, केबल तशीच ठेवली. केबली बाहेरून असल्याचा फायदा हा: एकही केबल सोडावी लागली नाही, एक थेंब तेल सांडलं नाही. आताच्या बऱ्याच गाड्यांत तेलाच्या ब्रेकचे पाइप स्टेममधून, त्याखालच्या स्पेसर रिंगांमधून आणि थेट वरच्या बेअरिंगच्या पोटातून जातात. अशा गाडीत वरचं बेअरिंग काढायचं तर बहुतेकदा ब्रेकचा पाइप तोडून पुन्हा जोडावा लागतो, मग ब्रेकमधली हवा काढावी लागते. दिसायला देखणं आहे, नाकारत नाही. पण बेअरिंग हा झिजणारा भाग आहे, आणि झिजणारा भाग इतक्या खोल गाडणं ही मला आळशी रचना वाटते.

स्पेसर निघाले, वरच्या बेअरिंगवरचं झाकण निघालं, त्याखालची कॉम्प्रेशन रिंग थोडी चिकटली होती. ही चिरलेली रिंग असते, उतरत्या कडेची. बेअरिंगच्या आतल्या उतारात ती पाचरीसारखी घुसते आणि स्टिअररला सगळ्या बाजूंनी धरते. चिरेत बारीक स्क्रूड्रायव्हर घालून किंचित फाकवली, सुटली. कार्बनच्या स्टिअररला टोक लागू न देणं हेच तिथलं कौशल्य.

फोर्क खाली ओढला तर खालच्या बेअरिंगचं आतलं कडं आणि गंजलेले छर्रे फोर्कबरोबर आले, बाहेरचं कडं फ्रेममध्येच राहिलं. ग्रीसच्या जागी तांबूस पीठ. वरचं बेअरिंग मात्र बोटाने उचलून निघालं.

हात लागलाच आहे तर स्टिअरर पुसून उजेडात नीट पाहिला. स्टेम आवळतो त्या पट्ट्यात आणि क्राउनच्या, म्हणजे फोर्कच्या खांद्याच्या, जवळ, चीर किंवा दबलेला धागा कुठे आहे का ते. काही नाही. क्राउन रेस, म्हणजे खालच्या बेअरिंगखाली बसणारी रिंग, हीसुद्धा चिरलेली आहे. ती हाताने निघते. अखंड असती तर ती स्टिअररच्या बुडावर घट्ट बसवलेली असते आणि काढायला पात्याची पक्कड लागते. काही कार्बन फोर्कना वेगळी क्राउन रेस नसतेच, उतार क्राउनमध्येच घडवलेला असतो. तिथे काही उपटायला गेलं की फोर्कच गेला.

१६ जून

बाहेरचं कडं निघायला तयार नव्हतं. वरून हेडट्यूबमधून पाहिलं तर त्याची चिंचोळी कडा आत दिसते, तिच्यावर ठोकता येईल इतपत. पण इंटिग्रेटेड फ्रेममध्ये बेअरिंग थेट फ्रेमच्या उतारावर बसतं, वेगळी वाटी नसते. उताराला हातोडीचा घाव बसला तर तो फ्रेमवरचा घाव, बदलायला काही शिल्लक नाही. म्हणून आधी गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवलं.

सकाळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं हेडट्यूबच्या खालच्या टोकाला गुंडाळलं. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं: मीटरला अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन, पोलाद सुमारे १२. साधारण ४२ मिमी व्यासाला ५० अंशांनी तापवलं तर दोघांत दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट बसलेल्या कड्याला तेवढं पुरतं. पितळी सळईने कडेवर समोरासमोर आळीपाळीने हलक्या टिचक्या दिल्या, फडकं पुन्हा गरम करून पुन्हा. कडं तिरकं न होता सरळ खाली आलं. कार्बनच्या फ्रेमला हा उपाय मी केला नसता.

फ्रेमचा उतार मऊ ब्रश आणि रॉकेलने साफ केला. पांढरी बुरशीसारखी झीज थोडी होती, ती नायलॉनच्या घासणीने निघाली. पॉलिश पेपर लावायचा मोह टाळला. उताराचा कोन हेच तर सगळं आहे.

१६ जून, दुपारी : मोजमाप

कामाचा खरा भाग हा. फ्रेमच्या नावावरून, मॉडेलच्या वर्षावरून किंवा हेडसेटच्या कंपनीवरून बेअरिंग शोधणं निरर्थक आहे. एकाच मॉडेलमध्ये मधल्याच वर्षी हेडसेट बदललेला असतो. बेअरिंगला ओळख एकच: बाहेरचा व्यास, आतला व्यास, उंची आणि दोन्ही उतारांचे कोन.

बेअरिंगवर हे छापलेलं असतं. खालच्यावर गंजाने काही ठेवलं नव्हतं. वरच्यावर पुसट अक्षरांत शेवटचं ‘× ४५°’ तेवढं वाचता येतं. आणि गंमत इथेच आहे. १⅛ इंची स्टिअररच्या इंटिग्रेटेड हेडसेटमध्ये दोन घराणी चालतात. एक केन क्रीक कंपनीचं: बाहेरचा व्यास ४१ मिमी, कोन ३६ × ४५. दुसरं काम्पान्योलो कंपनीचं: ४१.८ मिमी, कोन ४५ × ४५. दोन्हींचं शेपूट ४५च. पहिला आकडा आतल्या उताराचा, म्हणजे कॉम्प्रेशन रिंग आणि क्राउन रेसशी जुळणारा. दुसरा बाहेरच्या, फ्रेमशी जुळणारा. फ्रेमकडचा कोन दोन्हीकडे सारखा असल्यामुळे चुकीचं बेअरिंगही फ्रेममध्ये बसल्यासारखं वाटतं. ४१चं बेअरिंग ४१.८च्या जागेत घातलं तर ते उतारावर टेकतं, पण बाजूने सैल राहतं आणि ब्रेक मारला की सरकतं.

व्हर्नियरने वरच्याचा बाहेरचा व्यास चार जागी फिरवून घेतला. ४१.७८ ते ४१.८०. पात्यांची टोकं न वापरता रुंद भागात धरलं, नाहीतर उताराच्या कडेवर घसरून आकडा कमी येतो. आतला व्यास ३०.५, उंची ८.०. खालच्याचं सुटं कडंही ४१.८च.

कोनासाठी व्हर्नियर निरुपयोगी. बेअरिंगचा उतार जेमतेम दोन मिलिमीटरचा, त्यापेक्षा कॉम्प्रेशन रिंगचा मोठा. कागदाचा काटकोनी कोपरा बरोबर अर्ध्यात दुमडला की ४५ अंश मिळतात. रिंग अरुंद बाजू खाली करून काचेवर ठेवली. तिचा उतार आणि काच यांच्यामध्ये जी पाचर उरते तिच्यात कागदाचं टोक सरकवलं आणि मागे टॉर्च धरला. कुठूनही उजेड झिरपला नाही. ३६चा कोन मोजायची गरजच नाही. ४५ बसला नसता तर तो ३६ असता.

खात्रीसाठी आणखी एक: रिंगच्या उतारावर मार्करने शाई फासली, जुन्या वरच्या बेअरिंगमध्ये बसवून हाताने दाबून फिरवली. शाई पूर्ण पट्ट्यात पुसली गेली. कोन जुळत नसते तर एक बारीक रेघच पुसली असती.

निष्कर्ष: ३०.५ × ४१.८ × ८, ४५ × ४५. दोन नग, वर-खाली एकच.

१८ जून

शोध. हेडसेटचा एक सामाईक सांकेतिक क्रम आहे, त्यात ही फ्रेम ‘आयएस ४२/२८.६’ वर आणि ‘आयएस ४२/३०’ खाली अशी लिहिली जाते. आयएस म्हणजे इंटिग्रेटेड, ४२ हा फ्रेममधल्या भोकाचा व्यास, २८.६ हा स्टिअररचा, ३० हा क्राउन रेस बसते त्या जागेचा. लक्षात ठेवण्यासारखं हे की ४२ हा बेअरिंगचा व्यास नव्हे. ४२ मिमीचं बेअरिंग शोधत बसलं तर भलतंच औद्योगिक बेअरिंग समोर येतं, सरळ कडांचं, उतार नसलेलं. साधं खोल खोबणीचं बेअरिंग इथे चालत नाही. हेडसेटला भार वरून-खालून तिरका येतो, त्यासाठी तिरक्या स्पर्शाचं बेअरिंगच लागतं.

विक्रेत्यांच्या याद्यांत बऱ्याचदा ‘एमएच-पी०८’ असा क्रमांक दिसतो, ४१.८ × ४५ × ४५ साठी. ‘एमएच-पी०३’ म्हणजे ४१चं भावंड. पण पी०८ ६.५ मिमी उंचीतही मिळतं, ८ मिमीच्या पुढे ‘एच८’ जोडलेलं असतं. तेव्हा क्रमांकाबरोबर पाचही आकडे पडताळायचे.

साधं क्रोम पोलाद घ्यायचं की स्टेनलेस? क्रोम पोलाद थोडं जास्त कठीण असतं, खळगे पडायला जास्त विरोध करतं. स्टेनलेस गंजाला तोंड देतं. माझं जुनं खालचं बेअरिंग खळग्यांपेक्षा गंजाने गेलं होतं, म्हणून दोन्ही स्टेनलेस मागवली, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली. सिरॅमिक छर्र्यांचीही मिळतात. जे बेअरिंग पूर्ण फेरा कधी मारत नाही त्याचं घर्षण कमी करण्यासाठी पैसे घालवायचे कशाला?

२६ जून

पाकीट आलं. यादीत उंची ८ लिहिली होती, आत ६.५ची जोडी निघाली. बाकी सगळं बरोबर. ‘चालेल की’ असं मनात येतं, पण चालत नाही. वर दीड मिमी कमी झालं तर झाकण हेडट्यूबवर टेकेल. खाली दीड मिमी कमी झालं तर फोर्कचा क्राउन फ्रेमला घासेल. वरचं स्पेसर घालून निभावता येईल, खालचं नाही. परत पाठवलं.

४ जुलै

योग्य जोडी आली. मोजली: ३०.५, ४१.८, ८. कोन छापलेले ४५ × ४५.

बसवण्याआधी सील पातळ पात्याने एका कडेने अलगद उचलून आत पाहिलं. कारखान्यातून येणारं ग्रीस बहुतेक वेळा पुरेसं नसतं, इथेही छर्र्यांच्या एका बाजूला ओघळ तेवढा. चांगलं पाणीरोधक ग्रीस भरलं, बेअरिंग फिरवून पसरवलं, सील दाबून बसवलं. हबच्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलं तर ते जड फिरतं. हेडसेटमध्ये ती भीती नाही, इथे ग्रीसचं मुख्य काम पाण्याला जागाच न ठेवणं हे आहे.

६ जुलै : बसवणं

फ्रेमच्या दोन्ही उतारांना ग्रीसचा थर. आवाज आणि गंज दोन्ही इथूनच सुरू होतात. क्राउन रेसच्या खाली आणि वरही थोडं.

दिशा महत्त्वाची. दोन्ही बेअरिंगांचा बाहेरचा उतार फ्रेमकडे, आतला उतार फ्रेमपासून दूर. म्हणजे खालच्यात बाहेरचा उतार वर आणि आतला खाली, क्राउन रेसवर; वरच्यात बरोबर उलट. उलटं घातलेलं बेअरिंग फ्रेममध्ये पूर्ण उतरत नाही, वर उचललेलं राहतं आणि कितीही आवळलं तरी खेळ जात नाही. हाताने दाबून दोन्ही बसली. हातोडी लागली तर काहीतरी चुकतंय असं समजायचं.

फोर्क खालून आत, वरून कॉम्प्रेशन रिंग, झाकण, स्पेसर, स्टेम. स्टेमच्या माथ्यापासून स्टिअरर ३ मिमी खाली आहे, ठीक. तो वर आला तर टॉप कॅप स्टिअररवरच टेकते आणि खाली काहीच दाबलं जात नाही. कार्बनचा स्टिअरर असल्याने आत ताऱ्याच्या आकाराचा नट (स्टार नट) नाही, फुगणारा प्लग आहे. तो बाहेर काढून पुसला, स्टेम आवळतो त्याच पातळीवर पुन्हा बसवला आणि त्यावर लिहिलेल्या आकड्याला आवळला. स्टेमच्या पकडीत स्टिअररवर ग्रीसचा डाग नको, तिथे स्पिरिटने पुसलं.

मग क्रम: स्टेम सैल ठेवून टॉप कॅप थोडी थोडी आवळायची, ब्रेक दाबून खेळ तपासायचा, खेळ गेला की थांबायचं. यासाठी टॉर्कचा आकडा पाहू नये, बोटांना जे कळतं तेच खरं. त्यानंतर स्टेम चाकाच्या रेषेत आणून त्याचे दोन बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर लिहिलेल्या ५ न्यूटन-मीटरपर्यंत. एकदा स्टेम आवळला की टॉप कॅपचं काम संपलं. खेळ आहे म्हणून स्टेम आवळलेला असताना टॉप कॅप पिळणारे लोक पाहिलेत, त्याने बोल्टाचे आटे जाण्यापलीकडे काही होत नाही. ही बिनआट्याच्या स्टिअररची पद्धत जॉन रेडर याची, १९९२चं पेटंट. त्याआधी हेडसेट जुळवायला दोन मोठे चपटे पाने लागत. आता दोन अॅलन की पुरतात, पण क्रम पाळावा लागतो.

७ जुलै

खाच गेली, खेळ नाही, तरी हँडल अपेक्षेइतकं सहज झुलत नाही आणि वळवताना वरून बारीक खर्र आवाज. बेअरिंग नवं, मग घासतंय काय? झाकण उलटं करून पाहिलं तर त्याच्या खालच्या कडेवर चकचकीत गोल रेघ. ती जुनी आहे, नव्या बेअरिंगाने एका दिवसात पडलेली नाही. म्हणजे झाकण आधीपासूनच हेडट्यूबवर टेकत होतं आणि थोडा दाब बेअरिंगऐवजी फ्रेमच्या काठावर जात होता. उतार साफ केल्यावर बेअरिंग आणखी केसभर खाली बसलं आणि घासणं वाढलं.

उपाय ०.२५ मिमीचा पातळ वायसर, कॉम्प्रेशन रिंग आणि झाकण यांच्यामध्ये. हेडसेटबरोबर असे वायसर येतात आणि पहिल्याच जोडणीत हरवतात, सुटे मिळतात. एक घातला, फटीत कागदाचा कपटा सरकवून पाहिला, एके ठिकाणी अडला. दुसरा घातल्यावर कपटा सगळीकडून फिरला. यापेक्षा मोठी फट नको, पाणी तिथूनच आत जातं.

पुन्हा टॉप कॅप, खेळ, स्टेम. आता चाक उचललं की हँडल मधे कुठेही न रेंगाळता बाजूला जातं.

१४ जुलै

ओल्या रस्त्यावरच्या लांब फेरीनंतर ब्रेक दाबून तपासलं. किंचित खेळ, जेमतेम जाणवेल एवढा. नवी बेअरिंगं आणि रिंगा आपापल्या उतारावर नीट बसतात तेव्हा एवढं सुटतंच. स्टेम सैल, टॉप कॅप पाव फेऱ्यापेक्षा कमी, स्टेम परत ५ वर. खेळ गेला.

मोजमापं चिकटपट्टीवर लिहून सीटपोस्टच्या आत चिकटवली. जुनं वरचं बेअरिंग खोक्यात ठेवलंय, मोजायला नमुना म्हणून. पुढचं काम: खालच्या बाजूला रबरी ओठ असलेली क्राउन रेस मिळते का ते पाहायचं, ४५ अंशांची आणि ३० मिमीच्या बैठकीची.